चौदा नंबरची माती

मार्तंड पौनीकर रविवारी सकाळी सायकल काढायला लागला की गांधीबागेमागच्या त्या गल्लीतले लोक आधी कॅरिअरकडे बघायचे. कॅरिअरला खुरपं आणि कागदी पुड्यांचा गठ्ठा दिसला की ओट्यावरून कोणी तरी विचारायचंच, "कां जी पौनीकर साहेब, आज कोनत्या मसनात?" विचारणाऱ्याला वाटायचं, आपण फार मोठा विनोद केला. मार्तंड मात्र पायडलवर पाय ठेवत अगदी गंभीरपणे सांगायचा, "मसन मागच्या हप्त्यात झालं. आज ढोरांचा बाजार."

त्याला विनोद कळत नव्हता असं नाही. पण वयाच्या सदतिसाव्या वर्षी, एका कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात अकरा वर्षं तात्पुरता डेमॉन्स्ट्रेटर म्हणून काढल्यावर माणसाची हसण्याची सवय सुटते. १९७२ साल उजाडलं आणि कॉलेजनं त्याच्या हातात एक पत्र ठेवलं. जूनअखेर पीएच.डी. झाली तर नोकरी कायम, नाही झाली तर जागा दुसऱ्याला. तिकडे गावी, खाप्याला, वडील हातमागावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला अकरा वर्षं सांगत होते की पोरगा नागपुरात मोठा प्रोफेसर आहे. पत्र आल्यापासून मार्तंडला खाप्याला जायची भीती वाटायला लागली होती.

त्याचा विषय होता संत्र्याचा डिंक्या. नागपुरात संत्र्याचं नाव काढलं की खाणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटतं आणि डिंक्याचं नाव काढलं की बागवाल्याच्या डोळ्यांना. मातीतली एक बुरशी झाडाच्या मुळाशी लागते, खोडाची साल फाटून डिंक गळायला लागतो आणि भरलं झाड उभ्या उभ्या वाळतं. पण त्याच मातीत धाग्यांसारखे वाढणारे काही जंतू राहतात. ते अंगातून असा काही रस सोडतात की बुरशी त्यांच्या जवळ फिरकत नाही. क्षयाच्या रोग्याला टोचतात ते स्ट्रेप्टोमायसिन अशाच एका मातीतल्या जंतूची देणगी. डिंक्याला थोपवणारा एखादा धागेजंतू मार्तंडला नागपूरच्या मातीतून शोधून काढायचा होता.

हे सांगायला सोपं आहे. चिमूटभर माती पाण्यात कालवून काचेच्या बशीत, जंतूंसाठी गोठवलेल्या खाद्यावर पसरली की दोन दिवसांत त्यावर मातीतले सगळे टवाळ जंतू उगवतात. लग्नाच्या पहिल्या पंगतीत न बोलावलेले आधी पाट धरतात, तसले हे. धागेजंतू स्वभावानं संथ, त्यांना यायला आठवडा लागतो, आणि ते येईपर्यंत बशीत जागा उरलेली नसते. विभागातल्या दोघांनी ह्याच कारणानं मातीचा नाद सोडून दह्याचा विषय घेतला होता.

मार्तंडच्या बशांचं मात्र नवलच होतं. टवाळांचा मागमूस नाही, आणि आठव्या दिवशी राखाडी, पांढरे, गुलाबी असे भुकटी शिंपडल्यासारखे धागेजंतूंचे ठिपके, प्रत्येक ठिपका शेजाऱ्यापासून सुटा. त्याचे मार्गदर्शक डॉ. मधुकरराव हरकरे हे मुलखाचे संशयी. स्वतःच्या लग्नपत्रिकेत त्यांनी दोन चुका काढून ती परत छापायला लावली होती. त्यांनीही भिंग लावून बशा पाहिल्या आणि म्हणाले, "पौनीकर, हे तुम्ही केलंत?" ह्याला मार्तंडनं कौतुक समजून घेतलं.

सगळ्याच बशा अशा निघत नव्हत्या. चाळीस ठिकाणच्या मातींपैकी अठ्ठावीस सुरेख, बारा बरबटलेल्या. असं का, ह्यावर मार्तंडनं महिनाभर डोकं खाजवलं आणि एक दिवस त्याला ते दिसलं. मसणवट, उकिरडा, ढोरांचा बाजार, कातडी कमावण्याची जागा, दवाखान्यामागचा खड्डा, सगळ्या सुरेख. माताबाईचं देऊळ, कन्हानचा काठ, शाळेची बाग, खाप्याचं वडिलांचं आंगण, सगळ्या बरबटलेल्या. म्हणजे, त्यानं ताडलं, घाणीत जंतूंना जगण्यासाठी झगडावं लागतं, म्हणून ते हत्यारबंद असतात. पवित्र जागी सगळं आयतं मिळतं, म्हणून तिथं नुसते टवाळ माजतात. मधुकररावांना हे इतकं पटलं की त्यांनी त्याला इंग्रजीत एक लांबलचक नाव दिलं, पेपरावर स्वतःचं नाव आधी घातलं आणि टेबलावर थाप मारून म्हणाले, "पुण्यावाल्यांना हे सात जन्मांत सुचलं नसतं!"

अडचण फक्त एका पुडीची होती. चौदा नंबर.

चौदा नंबरची माती देवाजीनं दिली होती. देवाजी विभागाचा प्रयोगशाळा मदतनीस. जंतूंचं खाद्य शिजवणं, बशा ओतणं, काच धुणं, सगळं त्याच्या हातचं, आणि बावीस वर्षांत त्याच्या हातची एक बशी नासली नव्हती. मॅट्रिक झालेला, जंतूंची लॅटिन नावं पोरांपेक्षा चोख म्हणणारा. छप्पन साली म्हाताऱ्या बापाचा हात धरून त्या लाखांच्या गर्दीत उभं राहून त्यानं दीक्षा घेतली होती, आणि इंदोऱ्याच्या बौद्ध वस्तीत त्याचं घर होतं. एका शनिवारी तो आपणहून पुडी घेऊन आला आणि म्हणाला, "साहेब, साऱ्या नागपूरची माती आनून राहिले तुमी. माह्या आंगनातलीबी लावून पाहा." मार्तंडनं पुडीवर 'देवाजीचं आंगण' असं लिहिलं आणि ती घरी नेऊन रविवारच्या पुड्यांत ठेवली. ती बशी सगळ्यांत देखणी निघाली. इतकंच नव्हे, तिच्यातला एक राखाडी जंतू डिंक्याच्या बुरशीसमोर ठेवला तेव्हा बुरशीच्या पांढऱ्या कापसात त्याच्याभोवती बोटभर रुंदीचं स्वच्छ रिंगण पडलं. मार्तंडच्या सगळ्या प्रबंधाचा जीव त्या रिंगणात होता.

पण तक्त्यात दोन खाने होते, शुद्ध जागा आणि अशुद्ध जागा. देवाजीचं आंगण निंबाखालचं, रोज झाडलेलं, शेणानं सारवलेलं. ते शुद्ध म्हटलं की सिद्धांत लंगडा पडत होता. मार्तंडनं एक दुपार पेन्सिल चावली, आणि मग चौदा नंबर दुसऱ्या खान्यात लिहून टाकला.

चर्चासत्राच्या दिवशी तो भला मोठा तक्ता खिळ्याला टांगायला स्टुलावर चढला देवाजीच. टांगून झाल्यावर तो खाली उतरला नाही. वरूनच वाचत राहिला.

"साहेब, चौदा नंबर म्हनजे माहं आंगन नाही का जी?"

"हो," मार्तंड म्हणाला. "ते काय आहे देवाजी, तुमच्या वस्तीला लागून नाला आहे ना..."

"नाला त तुमच्या घराच्या मांगंबी हाय," देवाजी म्हणाला, स्टुलावरून उतरला आणि स्टूल घेऊन गेला.

मार्तंडला वाईट वाटलं. पण त्या दिवशी टाळ्या भरपूर पडल्या आणि टाळ्यांमध्ये वाईट वाटणं मागं पडलं. हे सांगायला बरं वाटत नाही, पण तसं झालं खरं.

फेब्रुवारीत पुण्याहून परीक्षकांचं पत्र आलं. डॉ. शेजवलकर लिहीत होते की प्रबंध वाचून आनंद झाला, परंतु आपल्या बशांचे फोटो पाहून शंकाही आली. तेव्हा मार्चअखेर मी स्वतः नागपुरास येतो. माती माझ्यासमोर खणावी, थेट प्रयोगशाळेत न्यावी आणि माझ्यासमोर बशीत घालावी. मगच सही होईल.

"येऊ द्या की," मार्तंड म्हणाला, आणि रंगीत तालीम म्हणून मंगळवारी मसणवटीची माती खणून थेट कॉलेजात घेऊन आला. गुरुवारी बशी उघडली तर वास सहन होईना. टवाळांनी काठापासून काठापर्यंत लोळण घेतली होती. देवाजीनं नुसतं डोकावून पाहिलं. "साहेब, हे आपल्या बशा नाही वाटत," तो म्हणाला. पुन्हा माती आणली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच.

बुडत्या माणसाला शास्त्रच आठवतं, निदान मार्तंडला आठवलं. आधी जे जे करत होतो ते ते जसंच्या तसं करायचं, आणि मग एकेक गोष्ट वगळत जायची. रविवारी त्यानं तोच जुना सदरा घातला, त्याच खुरप्यानं माती खणली, बारा वाजता घरी आला, पुड्या नेहमीच्या फळीवर ठेवल्या, सावजी मटणाचा तोच लालभडक रस्सा भाकरीशी ओरपला, दोन ते चार झोप काढली आणि सोमवारी माती कॉलेजात नेली. बशा सुरेख! पुढच्या रविवारी सदरा बदलला, सुरेख. मटणाऐवजी वांग्याची भाजी खाल्ली, जीव हळहळला पण बशा सुरेख. मग त्याच्या पुढच्या रविवारी त्यानं झोप वगळली. दुपारभर खुर्ची टाकून पुड्यांवर नजर ठेवून बसला. त्याची बायको इंदूबाई दोनदा दारात येऊन गेली. "आज झोपत काहून नाही? आंग दुखून राहिलं काय?" तिसऱ्यांदा येऊन तिनं त्याच्या कपाळाला हातही लावून पाहिला. त्या आठवड्याच्या बशा नासल्या.

निष्कर्ष उघड होता आणि भयंकर होता. मार्तंड तो घेऊन मधुकररावांकडे गेला.

"सर, माती आणल्यावर संशोधकानं दोन तास झोपणं आवश्यक आहे."

मधुकररावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "पौनीकर, अकरा वर्षं मी तुम्हाला तेच करताना पाहतो आहे."

"थट्टा नाही सर. तीनदा झोपलो, तीनदा सुरेख. एकदा जागलो, नासलं."

"आणि हे शेजवलकरांना सांगायचं? त्यांच्यासमोर प्रयोगशाळेत गादी घालायची?"

मार्तंड घरी आला तो विचार करतच. झोपेत तर माणूस काही करत नाही. मग मी झोपल्यावर होतं तरी काय? हा प्रश्न त्यानं महिन्याभरापूर्वी विचारला असता तर बरं झालं असतं, पण झोप ही त्याला इतकी आपली गोष्ट वाटत होती की तिच्या आजूबाजूला दुसरं कोणी जागं असेल हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्या रविवारी तो जेवून आडवा झाला आणि घोरायला लागला. घोरण्याचा अभिनय अवघड असतो. पहिल्या पाच मिनिटांत दोनदा खरीच झोप लागत होती. मग फळीवर कागद वाजला. एक डोळा किलकिला करून त्यानं पाहिलं. इंदूबाई पुड्या पदरात घेऊन मागच्या आंगणात चालली होती. तो दबक्या पावलांनी दारापर्यंत गेला.

आंगणात शेगडी पेटलेली होती. शेगडीवर काठ झिजलेला एक जुना तवा, तव्यात मसणवटीची माती, आणि पदरानं नाक झाकून इंदूबाई ती सराट्यानं हलवत होती, सावजी मसाला भाजताना हलवते तशी. बाजूला सुपात निवडलेले खडे होते.

"हे काय करून राहिली वं?"

इंदूबाई दचकली, पण क्षणभरच. "भाजून राहिली."

"माती?"

"मंग काय रवा?" आता पकडलीच गेली म्हटल्यावर तिनं तोंड सोडलं. "मसनातली माती घरात आनता अन् लोनच्याच्या बरनीजवळ ठेवता. मेलेल्या ढोराची आनता, उकिरड्याची आनता. फेकू नको म्हनलं, नाही फेकली. पुड्या इकडच्या तिकडे करू नको म्हनलं, नाही केल्या. भाजू नको, असं कवा म्हनलं तुमी?"

"कवापासून भाजून राहिली?"

"पयल्या मसनापासून."

मार्तंड उंबऱ्यावर मटकन बसला. कोरड्या आचेनं टवाळ जंतू मरत होते आणि धागेजंतूंचं चिवट बी तेवढं तगून राहत होतं. सगळ्या देशातले लोक ज्या बशीसाठी डोकं फोडत होते ती त्याच्या मागच्या आंगणात रविवारी दुपारी भाजून निघत होती! तो हसायला लागला, इतका की इंदूबाईला वाटलं ह्याला खरंच काही तरी झालं. मग तो आत पळाला आणि तक्ता घेऊन आला.

"सांग बरं. कोनती कोनती भाजली?"

तिला सगळं पाठ होतं. मसणवट भाजली, दोनदा भाजली. उकिरडा, बाजार, खड्डा भाजला. "माताबाईची? देवीची माती भाजून पाप घेऊ काय? कन्हानची नाही, नदी हाय ते. खाप्याची नाही. मामाजीच्या आंगनाले मी नावं ठेवू?" ती बोलत होती, तो तक्त्यावर खुणा करत होता, आणि खुणा करता करता त्याचं हसू उतरत गेलं. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस आणि बाराच्या बारा, खूण खान्याशी जुळत होती. चर्चासत्रात ज्याच्यावर टाळ्या पडल्या ते निसर्गाचं गुपित नव्हतं. ते त्याच्या बायकोचं सोवळंओवळं होतं.

"आन चौदा नंबर?" त्यानं विचारलं. "देवाजीच्या आंगनातली?"

इंदूबाईनं सराटा खाली ठेवला. "भाजली."

"काहून? मसन नाही, उकिरडा नाही. सारवलेलं आंगन हाय त्याचं."

तिनं तवा शेगडीवरून उतरवला. मग म्हणाली, "तुमी तिले कोनत्या खान्यात लिवली?"

मार्तंडनं हातातला तक्ता पालथा केला.

"मी त चवथी पास हाय," इंदूबाई म्हणाली. तिचा आवाज नेहमीचा नव्हता. "मले जे दिसलं, तेच तुमाले दिसलं ना? तुमी त शिकले होते."

त्याला लाज वाटली. प्रबंध चुकल्याची लाज वेगळी असते, तिच्यावर उपाय असतो. ही तसली नव्हती. स्टुलावरून वाचत राहिलेला देवाजी त्याला दिसला, आणि त्या दिवशी नाल्याचं कारण सांगणारं आपलं तोंडही दिसलं.

मधुकररावांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, "प्रबंधात तवा लिहायचा?" मग त्यांनी विभागाच्या विजेच्या भट्टीत माती तापवून पाहायला लावली. भट्टीचा काटा म्हाताऱ्या माणसासारखा कधी झोपे, कधी दचकून उठे. पहिल्यांदा मातीतलं सगळं मेलं, दुसऱ्यांदा काहीच मेलं नाही. शेवटी इंदूबाईला बोलवायचं ठरलं.

"बाईंना आणा," मधुकरराव म्हणाले. "पण तक्ता तसाच राहू द्या. सगळ्या माती भाजल्या होत्या, एवढंच म्हणा. चौदा नंबर वाटलं तर काढून टाका. पौनीकर, पेपरावर माझं नाव आहे, आणि जून तुमचा आहे."

डॉ. शेजवलकर आले ते स्वतःचं उकळलेलं पाणी बाटलीत घेऊन. किरकोळ अंगाचा, करड्या मिशांचा माणूस. सकाळी त्यांच्यासमोर मसणवटीची माती खणली, आणि अकरा वाजता विभागाच्या व्हरांड्यात शेगडी पेटली. इंदूबाई ठेवणीतली साडी नेसून आली होती आणि इतके साहेब बघून पहिल्यांदा घाबरली. पण तवा तापल्यावर तिची भीती गेली. तव्यासमोर तिला कोणाचीच भीती वाटत नसे.

"किती वेळ भाजायची?" शेजवलकरांनी वही उघडली. "कोरडी माती तापवावी असं कुठंकुठं छापून आलंय, पण किती, इथं सगळ्यांचं अडतं."

"घड्याळानं नाही होत जी. नाकानं होते." नाकावरचा पदर तिनं काढून टाकला होता. "पयले घान येते. मंग निस्ता ओल्या मातीचा वास येते. तो वास जाऊन राहिला का लगेच उतरवाची. पुरा गेल्यावर उतरवली त करपली."

शेजवलकरांनी ते शब्द न् शब्द लिहून घेतलं आणि दोनदा मान हलवली. मधुकररावांचा चेहरा खुलला. मार्तंडला जून महिना हाताच्या अंतरावर दिसायला लागला. तेवढ्यात शेजवलकरांनी प्रबंधाची पानं चाळली आणि तक्त्यावर बोट ठेवलं.

"पद्धत उत्तम. पण मग हा फरक कसा? ह्या चाळीसही माती अशाच भाजल्या होत्या ना?"

मधुकरराव खोकले. देवाजी बशांचा ट्रे घेऊन खांबाशी उभा होता. एका 'हो'वर नोकरी होती, खाप्याच्या म्हाताऱ्याची अब्रू होती, अकरा वर्षं होती. मार्तंडनं तोंड उघडलं तेव्हा आपण काय बोलणार हे त्याचं त्यालाही नक्की माहीत नव्हतं.

"नाही सर," तो म्हणाला. "ज्या जागा आमच्या घरात विटाळाच्या मानल्या, तेवढ्याच भाजल्या. बाकीच्या कच्च्या लावल्या. म्हणून तक्ता तसा दिसतो. तो तक्ता जंतूंचा नाही, आमच्या घरचा आहे." त्यानं खांबाकडे हात केला. "आणि चौदा नंबरची माती ह्या देवाजींच्या आंगणातली. तीही भाजली गेली, आणि मी तिला ह्या खान्यात लिहिलं. दोन्हीचं कारण एकच. ते कारण मातीत नव्हतं. ते आमच्यात होतं."

मधुकरराव बागेकडे बघायला लागले.

"मग तुमच्या प्रबंधात उरलं काय?" शेजवलकरांनी विचारलं.

"तवा," मार्तंड म्हणाला. "आणि चौदा नंबरचा जंतू."

"साहेब, मी बोलू काय जी?" देवाजीनं ट्रे खाली ठेवला. "भाजल्यानंच बशी साफ निघते, असं तुमी म्हनून राहिले. मंग माताबाईची माती भाजून पाहा ना. अन् माह्या आंगनातली कच्ची लावा, भाजून बी लावा. तवा समजन कोनाची करामत हाय ते."

शेजवलकर त्याच्याकडे बघत राहिले, मग मार्तंडकडे वळले. "हा प्रयोग पहिल्याच महिन्यात व्हायला हवा होता. ह्यांना कोणी विचारलं नव्हतं?"

"नाही," मार्तंड म्हणाला.

"मी आठ दिवस राहतो. माझं पाणी तेवढं उकळून द्या."

पुढचं थोडक्यात सांगून टाकतो. आठ दिवसांनी माताबाईची भाजलेली माती आणि देवाजीची भाजलेली माती, दोन्ही बशा सारख्याच सुरेख निघाल्या, आणि देवाजीची कच्ची माती माताबाईच्या कच्च्या मातीसारखीच नासली. शेजवलकरांनी तक्त्याचं पान प्रबंधातून काढायला लावलं आणि उरलेल्यावर सही केली. मार्तंड जूनमध्ये कायम झाला. मधुकरराव त्याच्याशी दिवाळीपर्यंत बोलले नाहीत.

पण हे सगळं ठरलं त्या दिवशीच, दुपारी, त्या व्हरांड्यात. देवाजी सायकलवर जाऊन दोन्ही माती घेऊन आला. शेजारच्या कॅन्टीनमधून दुसरी शेगडी आणि दुसरा तवा आला. देवाजीच्या आंगणातली माती इंदूबाईनं पहिल्या तव्यावर घातली. माताबाईची पुडी मात्र ती हातात धरूनच बसली.

"देवीची हाय जी," ती हळूच म्हणाली.

कोणी तिला घाई केली नाही. मार्तंडच्या जिभेवर शास्त्रातलं काही तरी आलं होतं, ते त्यानं गिळलं. मग इंदूबाईनं डोळे मिटून कपाळाला पुडी लावली आणि ती दुसऱ्या तव्यावर उलटी केली. दोन हातांत दोन सराटे घेऊन ती हलवायला लागली. आधी एका तव्यावर वाकली, मग दुसऱ्यावर. पुन्हा पहिल्यावर. घाण आली ती दोन्हींकडून. मग ओल्या मातीचा वास सुटला, सगळ्या व्हरांड्यात भरला, आणि इंदूबाईचे हात थांबले. तिनं वर पाहिलं, साहेबांकडे नाही, नवऱ्याकडेही नाही.

"देवाजी भाऊ," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले होते, ते धुरानं नव्हे. "चुकलं जी माह्यं. वास दोन्हीले एकच येऊन राहिला."

"येनारच वहिनी," देवाजी म्हणाला. "उतरवा आता लवकर. नाही त दोन्ही करपतीन."